मदत हवी आहे : इस्लामी अध्ययनाचा अभ्यासक्रम वाढवताना फारसी कशी शिकवावी?

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका विद्यापीठात इतिहास शिकवते. इस्लामी अध्ययनाच्या आमच्या एकमेव विषयपत्रिकेचा (पेपरचा) दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम व्हावा, असा प्रस्ताव मी तयार करत आहे. बगदाद-दिल्लीइतकेच स्थान खुलताबादच्या सूफी परंपरेला आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना मिळावे, असा माझा आग्रह आहे. कारण ओवीबद्ध ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा संतकवी विद्यार्थ्यांना मराठीच्या तासाला भेटतो, इस्लामच्या तासाला मात्र भेटत नाही.

खरी अडचण भाषेची आहे. परवा वर्गात एका आदिलशाही फर्मानाची छायाप्रत दिली. वर फारसी, खाली मोडीतला मराठी मजकूर. मुलांनी खालचा भाग अडखळत का होईना वाचला, वरच्या ओळींवर मात्र नुसती बोटे फिरवली. मला ते फार लागले.

मोडी जाणणाऱ्या, पण उर्दूची ओळख नसलेल्या विद्यार्थ्यांना दोन सत्रांत दफ्तरी फारसी वाचता येईल, असा पाठ्यक्रम कोणी चालवला आहे का? शिकस्ता वळण (घाईने, मोडून लिहिलेली फारसी लिपी) सुरुवातीलाच घ्यावे की नस्तालीक (सुबक, सुटसुटीत वळण) पक्के झाल्यावर? तसेच फिकह (इस्लामी धर्मशास्त्रीय कायदा) आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरा) मराठीतून शिकवणाऱ्यांनी मूळ अरबी संज्ञा कितपत ठेवल्या, हेही कृपया सविस्तर कळवावे.