गॅरेजवर विश्वास कधी बसला, कधी उडाला? अनुभव सांगा

गाडी सर्व्हिसिंगला दिली की बिल हातात येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. पार्ट खरंच बदलला का, बदलायची गरज होती का, कळायचं कसं? चांगले-वाईट दोन्ही अनुभव लिहा. गॅरेजचं नाव नको, घडलं काय ते नीट सांगा. सुरुवात मी करते.

ब्रेक दाबला की कर्रकन आवाज यायचा. पहिल्या ठिकाणी चाक न काढताच सांगितलं, ‘पॅड, डिस्क, सगळं गेलंय.’ मी गाडी दुसरीकडे नेली. तिथल्या मिस्त्रींनी चाक उतरवलं आणि मला जवळ बोलावून बॅटरीच्या उजेडात पॅड दाखवला. लायनिंग, म्हणजे पॅडवरचा झिजणारा थर, जेमतेम 2 मिमी उरलं होतं आणि पत्र्याची एक बारीक पट्टी डिस्कला घासत होती. ‘पॅड संपत आला की ओरडायला ही पट्टी मुद्दाम दिलेली असते. आता डिस्कवर बोट फिरवा, खाच लागतेय?’ नव्हती लागत. नुसते पॅड बदलले, जुने पिशवीत घालून माझ्या हातात दिले. तेव्हापासून मी दुसरीकडे गेलेले नाही.

—

2023 मध्ये ‘नवे’ टायर बसवून घेतले. घरी आल्यावर बाजूवरचे चार आकडे वाचले: 2319. म्हणजे टायर बनला 2019 च्या 23व्या आठवड्यात! परत गेलो तर म्हणे, ‘एवढं कोण बघतं?’ मी बघतो. तुम्हीही बघा.

—

इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर कोड आला, सेन्सर बदलला. चार दिवसांत दिवा पुन्हा हजर. खरं कारण निघालं चिरलेला रबरी व्हॅक्यूम पाइप. कोड नुसती दिशा दाखवतो, दुरुस्ती करणाऱ्याने पुढे तपासायलाच हवं. पण मालकांनी स्वतः फोन करून ‘चूक आमची’ म्हटलं आणि सेन्सरचे पैसे परत केले. राग तिथेच गेला.

—

मी स्वतः गॅरेज चालवतो, आमचीही बाजू ऐका. क्लच प्लेटपेक्षा मजुरी जास्त लावली की गिऱ्हाइकाला वाटतं, लुबाडलं. प्लेट बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, हे त्याने पाहिलेलंच नसतं. आता बॉक्स खाली आला की मी फोन करून बोलावतो. येता येत नसेल तर फोटो पाठवतो, होकार आल्यावरच पुढचा पाना लावतो.