एमसीबी आहे म्हणजे सगळं सेफ?
'एमसीबी आहे ना, मग वायरिंगची काळजी कशाला; सारखी पडायची म्हणून आता ३२ अँपिअरची बसवून घेतली' असं वर एकाने लिहिलंय, त्यावर थोडं. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, म्हणजे ट्रिप होणारा स्विच; ती बघते फक्त करंट किती जातोय ते. सॉकेटमागचा स्क्रू अर्धवट आवळलेला असेल तर करंट काही वाढत नाही, तापतो तो जॉइंट. १० अँपिअरला तिथे नुसता १ ओहम रेझिस्टन्स आला तरी १०० वॅट उष्णता, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी, तीही प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली, आणि एमसीबी आपली ढिम्म.

आमचा गीझरचा सॉकेट उघडला तेव्हा न्यूट्रलचं टोक काळं पडलेलं, इन्सुलेशन बोटाने दाबलं तर कुरकुरून गळायला लागलं. टर्मिनलमध्ये वायर बसेना म्हणून वायरिंग करणाऱ्या पठ्ठ्याने सातातल्या तीन तारा छाटल्या होत्या! हिरवी अर्थिंगची वायर तर मागे दुमडून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही.

इन्स्पेक्शन झालं होतं बरं का. आलेल्या माणसाने आरसीसीबीचं (करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबलं, खटकन पडली, झाली सही. पण ते बटण फक्त आरसीसीबी चालते का ते सांगतं, सॉकेटपर्यंत अर्थिंग पोचलंय का ते नाही, त्यासाठी मीटर घेऊन एकेक सॉकेट तपासावा लागतो आणि तेवढा वेळ कोण काढतो.

आणि तुमची सारखी ट्रिप होते म्हणून ज्याने ३२ची एमसीबी बसवून दिली, त्याला आधी विचारा वायर किती स्क्वेअर एमएमची, म्हणजे किती जाड आहे. १.५ची असेल तर तेवढ्या बारीक वायरला ३२ची वाचवणार नाही, आजच जुनी एमसीबी परत लावून घ्या.