पेटीत काय निघालं? घरपोच सेंद्रिय भाजीचे अनुभव

दर बुधवारी सकाळी आमच्या दारात भाजीची पेटी येते. आत काय असणार ते शेतावर ठरतं, आपण फक्त दार उघडायचं. गेल्या बुधवारी सलग चौथ्यांदा मुळा निघाला आणि माझ्या तोंडून दारातच "अरे देवा, परत?" निघून गेलं. पेटी आणणारा दादा शांतपणे म्हणाला, "ताई, आमच्या घरी सहावा आठवडा आहे." मी मुकाट्याने पेटी आत घेतली.

तेव्हाच ठरवलं, हा धागा काढायचा. पेटी घेणारे, पिकवणारे, पोचवणारे, कंटाळून सोडून दिलेले, सगळ्यांनी लिहा. सेंद्रियचे फायदे कृपया नकोत, ते पाठ आहेत. पेटी उघडल्यावर तुमच्या ओट्यावर काय झालं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्याच पेटीतला फ्लॉवर चिरायला घेतला आणि एक तुरा चालायला लागला. देठाच्या रंगाची अळी, अगदी हुबेहूब. नवरा म्हणाला परत पाठव. मी गटाचं काम बघणाऱ्या काकूंना तावातावाने फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकच निघाली का?" मग सांगितलं, गड्डा उलटा करून मिठाच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडव, असतील नसतील त्या बाहेर येतील. आणखी दोन आल्या. आता हे काम मुलगा करतो आणि मोजून सांगतो.

दोघांचं घर

मी सोडलेल्यांपैकी. आम्ही दोघंच, त्यात एक जण महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी. सोमवारी रात्री फ्रीजचा खालचा कप्पा उघडायची मला अक्षरशः भीती वाटायला लागली होती. पालकाचं पाणी झालेलं, कोथिंबीर काळी पडलेली. बाजारातली भाजी सडली तर माणूस टाकून मोकळा होतो. ही कोणी पिकवली ते माहीत असतं, त्यामुळे टाकताना चोरी केल्यासारखं वाटायचं. आठ महिन्यांनी बंद केली.

वर्षभराने खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अर्धी मी घेते." आता बुधवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वाटणी होते. त्यांना दात कमी, म्हणून बीट-गाजर माझ्याकडे आणि दुधी-पालक त्यांच्याकडे. भोपळा आला की मात्र दोघी एकमेकींकडे बघतो.

शेतकरी

बेचाळीस घरांना भाजी देतो. काही गोष्टी आमच्या बाजूनेही लिहिल्या पाहिजेत, म्हणून लांबण लावतो.

पहिली आगाऊ पैशांची. आम्ही हंगामाच्या आधी पैसे घेतो तर काही जणांना तो फसवणुकीचा प्रकार वाटतो. ही पद्धत माझ्या डोक्यातून निघालेली नाही. जपानमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेतीची संघटना उभी राहिली आणि शेतकरी-ग्राहकांच्या अशा थेट जोडणीला तिथे 'तेइकेई' म्हणू लागले. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी असाच हिस्सेदारीचा प्रकार सुरू केला. त्यामागचा हिशोब साधा आहे. बी, शेणखत, मजुरी हा सगळा खर्च पेरणीच्या वेळी असतो आणि भाजी विकून पैसा येतो अडीच-तीन महिन्यांनी. मधल्या काळासाठी एक तर सावकार, नाही तर तुम्ही.

दुसरी गोष्ट जमिनीची. रासायनिक बंद केलं आणि उद्यापासून सेंद्रिय झालो, असं होत नाही. हंगामी पिकांसाठी बहुतेक देशांच्या नियमांत दोन ते तीन वर्षं रूपांतराची धरतात. त्या काळात उत्पन्न खाली, तण वर, आणि मालाला भाव मात्र साधाच. माझ्या ओळखीतले जितके लोक हे सोडून गेले, ते सगळे याच काळात गेले.

आता खरी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी सलग सहा दिवस झड लागली आणि टोमॅटोवर करपा आला. आधी पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा डाग, दुसऱ्या दिवशी तो तपकिरी, पान उलटलं तर डागाच्या कडेने पांढरी बुरशी. चौथ्या दिवशी झाड उकडल्यासारखं दिसतं. मी बोर्डो मिश्रण मारलं, म्हणजे मोरचूद आणि चुना. सेंद्रियच्या नियमांत ते मर्यादेत चालतं. (याची गोष्ट मजेशीर आहे. फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून हा निळा-पांढरा राप वेलींवर मारायचे. केवडा रोगातून त्याच वेली वाचल्या हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं.) पण मोरचुदातलं तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं, म्हणून युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. तेव्हा 'सेंद्रिय म्हणजे काहीच फवारत नाही' असं कोणी सांगत असेल तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारा. आम्ही फवारतो. काय आणि किती ते वहीत लिहून ठेवतो.

मी हे सगळं चिठ्ठीत लिहून प्रत्येक पेटीत ठेवलं. करपा आलाय, अमुक फवारलंय, पुढचे पाच आठवडे टोमॅटो नाही. बायको म्हणाली, कशाला लिहिता, नुसतं टोमॅटो नाही म्हणा. तिचं बरोबर होतं, तीन घरं लगेच सुटली. पण त्या रविवारी एक बाई दोन मुलांना घेऊन शेतावर आल्या आणि रोगट झाडं उपटायला लागल्या. दुपारपर्यंत चार ओळी साफ केल्या. मुलगी जाताना विचारत होती, ही झाडं खतात का नाही टाकायची? तिला सांगितलं, पुरायची, खड्ड्यात खोल.

आणि जाता जाता, अळी हे प्रमाणपत्र नव्हे. रासायनिक शेतातही अळी निघते आणि सेंद्रिय गड्डाही स्वच्छ निघू शकतो.

सकाळी चाखून बघणाऱ्या आजींची सून

वरच्या दादांना एक सांगायचं राहिलं, बियाण्याचं. आमच्या सासूबाई दुधी, काकडी, दोडका काहीही चिरायच्या आधी देठाकडची चकती जिभेला लावतात. मी याला जुनी सवय समजायचे. एक दिवस पेटीतल्या दुधीची चकती त्यांनी जिभेला लावली आणि थुंकायला धावल्या. कारल्याचा कडूपणा वेगळा, हा वेगळाच, जिभेला चिकटून बसणारा. मी म्हटलं, मीठ लावून ठेवू का? त्यांनी दुधी माझ्या हातातून घेऊन सरळ कचऱ्यात टाकला.

त्यांचं बरोबर होतं. या वर्गातल्या वेलींत कुकुरबिटासिन नावाचं द्रव्य असतं, ते जास्त झालं की फळ विषारी होतं, आणि शिजवल्याने ते जात नाही. उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्रावापर्यंत मजल जाते. कच्चा रस पिणाऱ्यांना जास्त धोका, कारण घोटभरात बरंच पोटात जातं. मी गटात लिहिलं आणि वीस मिनिटांत सगळ्या घरांतून 'आमचा गोड', 'आमचा गोड', 'आमचाही कडू' असे निरोप आले. आणखी दोन कडू निघाले. संध्याकाळी शेतावरून फोन आला. बी घरचं धरलेलं होतं आणि बांधावर रानदुधीचा वेल होता, तिथून परागकण आले असावेत. त्या वर्षीचं सगळं बी त्यांनी टाकून दिलं. देशी बी, घरचं बी हे ऐकायला फार छान वाटतं, पण ते धरायलाही अक्कल लागते.

फसलेला

कडू अनुभव माझाही आहे, वेगळ्या अर्थाने. नाव घेत नाही. वेष्टन देखणं, आत कागदावर शेताचं चित्र. ऐन कडक उन्हाळ्यात कोवळा पालक, बटाटे सगळे एका मापाचे, धुतलेले. आम्ही खूश. एकदा सफरचंदाच्या देठाशी घाऊक व्यापाऱ्याचं चिकटपट्टीचं लेबल अर्धं खरवडलेलं दिसलं. म्हटलं चूक होऊ शकते. विचारलं, शेत बघायला येऊ का? पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात, पाऊस आहे. मग माणूस गावाला गेलाय. पाचव्यांदा विचारल्यावर फोन उचलणं बंद झालं.

हल्ली मी कोणाकडूनही भाजी घ्यायच्या आधी एकच विचारतो, यंदा काय फसलं? ज्याच्याकडे शेत आहे तो अर्धा तास बोलतो.

तपासणीला जाणारी

आमच्या गटाने बाहेरची संस्था न आणता एकमेकांची शेतं आपणच तपासायची ठरवली. ग्राहक आणि इतर शेतकरी मिळून जायचं, वही बघायची, सही करायची. याला सहभागी हमी पद्धत म्हणतात. २००४ मध्ये ब्राझीलमधल्या टोरेस इथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय बैठक झाली होती, म्हणजे जगभर हा खटाटोप चालू आहे. मोठ्या प्रमाणपत्राचा खर्च दोन-तीन एकरवाल्याला झेपत नाही, म्हणून हा मार्ग.

ऐकायला गोड, करायला अवघड. माझी पहिलीच फेरी. गोठ्याच्या कोपऱ्यात युरियाची गोणी उभी. सगळ्यांनी पाहिली आणि कोणीच बोलेना, कारण नुकताच त्यांच्या ओसरीवर चहा झाला होता. शेवटी गटातल्या एका शेतकऱ्यानेच जाऊन गोणीचं तोंड उघडलं. आत कोंडा. रिकामी गोणी कोणाकडून तरी आणलेली. घरमालकाचा चेहरा उतरला, म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्यांचं ते वाक्य अजून टोचतं. तरीही आम्ही अहवालात गोणी लिहिली, कोंडा लिहिला आणि गोणी बदलायला सांगितली. त्यानंतर दोन महिने त्या घरून आम्हाला 'या, बसा' झालं नाही.

खरी अडचण निघाली दुसऱ्या बांधाला. शेजारी फवारतो आणि वारा इकडे येतो. तिथे आता तुरीच्या आणि एरंडाच्या दाट ओळी आहेत, आणि त्या ओळींलगतचा माल पेटीत जात नाही.

पेट्या पोचवणारा

माझं थोडक्यात. पालेभाजी पहाटे काढतात, ती ओली असते, म्हणून सकाळी वजन भरतं आणि दुपारी तुमच्या काट्यावर कमी. आम्ही मारलेलं नसतं. बटाटा-भोपळा तळाला, पालेभाजी वर. तुम्ही उचकून परत भरता तेव्हा उलटं करता आणि मग पाला चेपला म्हणून फोन येतो.

आणि पेट्या परत द्या. एका घरी आमच्या चार पेट्या आहेत. एकीत चपला, एकीत रद्दी, एकीत कुंड्या. चौथीत मांजर व्याली आहे, ती राहू द्या.

उशिरा स्वयंपाक शिकलेला

बायको गेल्यावर पेटी बंद करणार होतो. काकू म्हणाल्या, महिनाभर राहू द्या. पहिल्या आठवड्यात बीट घेऊन खिडकीशी उभा होतो, याचं सोलायचं आधी की उकडायचं आधी तेही कळेना. शेजारच्या मुलीने सांगितलं, काका, आधी उकडा, साल बोटाने निघते. खरंच निघते.

शिकलेलं थोडं देतो. गाजर-मुळ्याचा पाला आल्या आल्या कापून वेगळा करा, नाही तर तो कंदातलं पाणी ओढतो आणि गाजर लुळं पडतं. पालेभाजी केळी-टोमॅटोच्या शेजारी ठेवू नका, पिवळी पडते. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत. हिरवा पडलेला बटाटा खाऊ नका. हे सगळं तिला माहीत असणार. मी कधी विचारलं नव्हतं.

धागा काढणारी, पुन्हा

सगळे वाचले, दोनदा. काका, बीटची साल काल बोटाने काढून पाहिली.

आज बुधवार. दादा आला, मी त्याच्याआधीच दारात. मांजरवाली पेटी सोडून सगळ्या परत केल्या. (हो, ते घर आमचंच.) वरचा कागद काढला तर पालक, दोन बीट, आणि तळाला हिरव्यागार, टोकदार, कोवळ्या शेंगा, मूठ-दोन मूठ नव्हे, चांगल्या किलोभर. मी त्याच्याकडे बघितलं.

"डिंगऱ्या, ताई. मुळा फुलावर गेला."