सीजे ३बी जीपला डिझेल इंजिन बसवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांची महिंद्रा सीजे ३बी आहे. मूळ २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स. इंजिन पार थकलंय. चढाला लागली की मागे निळा धूर, आणि ब्लॉकला आता आणखी बोअर मारायला (सिलिंडर घासून मोठे करायला) जागा नाही. मेस्त्री म्हणतात, महिंद्राचंच २५२३ सीसीचं एमडीआय डिझेल इंजिन बसवू, सुटे भाग तालुक्यालाही मिळतात.

माझी मुख्य काळजी गिअरिंगची. पेट्रोल इंजिन ४००० आरपीएमपर्यंत पळायचं, एमडीआय ३२००च्या आसपासच दमतं. डिफरन्शियलचं (मागच्या-पुढच्या धुरांवरच्या गिअरचं) प्रमाण ५.३८, म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. म्हणजे डांबरीवर वेग आणखी कमी होणार. शिवाय डिझेलचा टॉर्क टी-९० किती दिवस सोसेल? मला तरी इंजिनासोबत त्याचाच चार गिअरचा बॉक्स घेणं शहाणपणाचं वाटतं. पण ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी सांगा, मग ट्रान्सफर केस (चारही चाकांकडे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) कसा जुळवलात? तिथून धुरांकडे जाणारे प्रॉपेलर शाफ्ट कापावे लागले का? वाढलेल्या वजनाला पुढचे पाटे (स्प्रिंग) बदललेत का?

कागदपत्रांचंही सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी लागते. पेट्रोलचं डिझेल करून आरसीवर नोंद महाराष्ट्रात अलीकडे कुणाला मिळाली आहे का? चोरून चालवायची नाही. परवानगी मिळत नसेल तर हरिकेनचा चांगला ब्लॉक कुठे मिळेल, तेवढं तरी कळवा.