टर्फ कपमध्ये एन्ट्री कोणाला?

ए-७०२: मंडळी, आपल्या सोसायटीचा फुटबॉलचा टर्फ कप यंदा चारच टीमचा. ज्यांनी तीन वर्षं पैसे भरलेत त्यांची जागा फिक्स, डी विंगचं पुढच्या वर्षी बघू

डी-१०४: काका हे आयएसएलसारखंच (इंडियन सुपर लीग, फुटबॉलची) झालं की, कित्येक वर्षं तिथे पैसे भरा नि बसा, खालच्या लीगमध्ये जायची भीतीच नव्हती

ए-७०२: अरे पैसा लावणाऱ्याला काहीतरी गॅरंटी नको का, उद्या शेवटचा आला म्हणून टीम बाहेर गेली तर कोण लावेल पैसा?

सी-२०३: मी मडगावचा, म्हणून बोलतो. आमचा डेंपो क्लब पाच वेळा देशाचा चॅम्पियन, २०१६ ला तर सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आला होता, पण आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची मुख्य लीग, आयएसएलच्या खाली दुय्यम करणार असं दिसल्यावर डेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघंही बाहेर पडले. फातोर्डा स्टेडियमवर ज्या क्लबसाठी आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो ते असे गेले, अजून पोटात दुखतं

डी-१०४: आणि गंमत बघा, गोव्याचे क्लब गेले म्हणून आय-लीगमधून खाली गेलेल्या मिझोरामच्या आयझॉल क्लबला परत घेतलं, आणि २०१७ ला तेच चॅम्पियन!! कोच खालिद जमील, ज्यांना मुंबई एफसीने आधीच्या वर्षी काढलेलं. त्याच सीझनला मुंबई एफसी शेवटून पहिली 🤦

बी-३०१ ताई: मग आयझॉलला वर आयएसएलमध्ये घेतलं ना?

डी-१०४: कुठलं ताई. आयएसएलमध्ये गेलं बंगळुरू, आयझॉल तिथेच. मग गोकुलम केरळ लागोपाठ दोनदा आय-लीग जिंकली, २०२१ आणि २०२२, ती पण तिथेच. जिंकून वर जायचं दार उघडलं २०२३ ला, पंजाबसाठी. आयएसएल सुरू २०१४ ला, हिशोब करा

ए-७०२: पण दार उघडलं ना शेवटी

सी-२०३: वर जायचं उघडलं हो, खाली यायचं तेव्हाही कुठे उघडलं. शेवटच्या नंबरची टीम पुढच्या वर्षी परत तिथेच असायची, मग मार्चमध्ये ती जीव तोडून खेळणार कशाला

बी-३०१ ताई: पटतंय. मग आपल्याकडे असं करा, पाच टीम घ्या, शेवटची येईल तिने पुढच्या वर्षी क्वालिफायर खेळायचा, पैसे भरलेले असोत नाहीतर नसोत

डी-१०४: एकदम चालेल. गेल्या वर्षी शेवटची कोण होती?

सी-२०३: ए विंग. ६-० तर फक्त आमच्याकडूनच हरलेले

ए-७०२: हे सगळं रविवारी मीटिंगमध्ये बोलू.