स्टेल्थला ‘दबा’ म्हणावं की ‘दडी’? बोर्डगेमच्या नियमांसाठी शब्द हवेत

सोंगटीवाला
आम्ही काही जण रविवारी कॉलेज रोडला एकाच्या घरी बोर्डगेम खेळतो. सध्या टेबलावर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडोंचा खेळ आहे. खेळणारे सगळे एका बाजूला, जर्मन पहारेकरी पत्त्यांवर चालतात. आता भाचरं आणि एकाचे वडीलही बसायला लागलेत, म्हणून नियमांचं एक पान मराठीत करतोय.

सोंगटीला दोन बाजू आहेत. काळी वर असेल तर तुम्ही स्टेल्थमध्ये, म्हणजे लपूनछपून, लाल वर आली की सगळ्यांना दिसलात. पहारेकऱ्याच्या चौकटीत शिरताना दहा बाजूंचा फासा टाकायचा. चाकूने काम झालं तर काळीच राहते, स्टेनगन चालवली की लाल. मग पहारेकरी तुमच्याकडे धावतात आणि मागून कुमक येते. कच्च्या मसुद्यात एकाने ‘अदृश्य अवस्था’ आणि ‘युद्ध कृती’ असं लिहिलंय. वाचून कळेना की हे कमांडो आहेत की मायावी राक्षस. मी काळ्या बाजूला ‘दबा’ सुचवलं, पण घोटाळा वाटतोय. सांगा.

निफाडचा
घोटाळा आहेच. दबा धरतात तो झेप घालायला. ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे बातमी ठरलेली, ‘बिबट्या उसात दबा धरून’. तोच बिबट्या माणसांचा गलका ऐकून ओहोळाच्या झुडपात गेला तर त्याने दडी मारली. दिसत नाही तो दोन्ही वेळा, फरक त्याच्या बेतात. म्हणून पाऊस दडी मारतो, दबा धरत नाही.
आणि दोन्हींत हालचाल नाही. तुमची सोंगटी तर चालते. चालणाऱ्याला ‘दबकत’ म्हणा.

बखरवेडा
निफाडच्या दादांचा फरक खऱ्या मोहिमांना चपखल बसतो. डिसेंबर 1942 मध्ये ब्रिटिश रॉयल मरीनचे 10 जण पाणबुडीतून उतरून कनूंनी, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होड्यांनी, फ्रान्समधल्या बोर्दोच्या बंदराकडे निघाले. रात्री वल्हवायचं, दिवसा काठाला कनू ओढून जाळीखाली पडून राहायचं. दिवसाची ती दडी. बंदरात बोटींच्या पोटाला सुरुंग चिकटवले ते दबकत. परत आले फक्त दोघे, मेजर हॅसलर आणि स्पार्क्स. दबा त्यांनी धरलाच नाही, कारण कुणावर झेप घालायचीच नव्हती. एकाच मोहिमेत ‘स्टेल्थ’चे दोन वेगळे अर्थ निघाले, तर एका सोंगटीला एकच नाम चिकटवणं अवघड जाणार.

फासेबहाद्दर
मग सरळ ‘गनिमी कावा’ लिहा की! आपलाच शब्द आहे.

बखरवेडा
आपला आहे, पण आपल्याला शत्रूकडून मिळालेला. गनीम म्हणजे शत्रू, मोगल मराठ्यांना म्हणत. शिवाय गनिमी कावा ही अख्खी युद्धरीत झाली. एका सोंगटीची एका वेळची स्थिती म्हणून तो लिहिला तर मुलं विचारतील, ‘माझा कावा संपला का?’

सुधाकाकू
मी खेळत नाही, नातवामुळे कानावर येतं. तुम्ही सगळे दिसणं-न दिसणं यातच अडकलात. सोंगटी लाल होते ती गोळीच्या आवाजाने, आरडाओरड्याने. त्याला मराठीत बोभाटा म्हणतात. मग काळी बाजू ‘बिनबोभाट’. दडी मारा, दबा धरा, दबकत जा, काय हवं ते करा, बोभाटा होत नाही तोवर काळी वर.

सोंगटीवाला
काकू, हे भारीच. ‘पहारेकऱ्याला बिनबोभाट गारद केलं तर सोंगटी उलटू नका.’ वाक्य एका दमात वाचता येतं.

निफाडचा
मस्त आहे, पण एक शंका. बोभाटा गावभर होतो. पोराने वर्गात कॉपी केली, बोभाटा झाला. एकाच पहारेकऱ्याने पाहिलं आणि ओरडायच्या आत त्याला संपवलं, तर बोभाटा कुठे झाला?

सुधाकाकू
नाही झाला. त्याला चाहूल लागली, एवढंच. चाहूल एकाला लागते, बोभाटा सगळ्यांत होतो.

सोंगटीवाला
नियमातही अगदी तेच आहे! फासा टाकतो तो पहारेकऱ्याला चाहूल लागते का हे बघायला. नापास झालात तर आधी तो एकटाच सावध होतो, त्याच फेरीत त्याला गप्प केलं नाही तर सगळीकडे भोंगा. म्हणजे ‘चाहूलफासा’ आणि मग ‘बोभाटा’.

देवळालीकर
तोफखान्यातून निवृत्त आहे, घर कँपात. दोन गोष्टी.
एक, कुणी हिंदी सिनेमाच्या नादाने ‘घात लावून बसणे’ लिहू नका. हिंदीत घात म्हणजे टपून बसणं, मराठीत घात म्हणजे दगा किंवा नाश. दुसरं, पूल उडवा, टाकी उडवा अशा कामगिरीला ‘घातपात’ लिहावं का? शब्द बरोबर आहे, पण पेपरात रेल्वे घसरली की ‘घातपाताचा संशय’ येतो. ज्याचा पूल उडाला तो त्याला घातपात म्हणणार. उडवणारा म्हणेल कामगिरी फत्ते. पान कमांडोंच्या बाजूने लिहिताय, तर ‘कामगिरी’च ठेवा.
जाता जाता, पहाऱ्याच्या तुकडीलाही जुन्या मराठीत गारद म्हणत, ‘गार्ड’वरून. गारदी त्यातलेच. तेव्हा ‘गारद गारद केली’ हे अस्सल मराठी वाक्य आहे.

फासेबहाद्दर
😂 फिरत्या गस्तीला ‘छबिना’ लिहिलं तर? रात्रीच्या गस्तीचा जुना शब्द आहे ना?

देवळालीकर
आहे. ‘शब’ म्हणजे फारसीत रात्र. पण आज छबिना म्हटलं की तुळजापूरची रात्रीची मिरवणूक आठवते. तुमची गस्त संबळ वाजवत येईल. ‘गस्त’ पुरे.

सोंगटीवाला
आता कॉम्बॅट. ‘लढाई’, ‘युद्ध’, ‘चकमक’, ‘झटापट’ चारही मसुद्यात आलेत, चौघांनी चार ठिकाणी लिहिले.

बखरवेडा
युद्ध देशांचं, लढाई फौजांची. चकमक लहान तुकड्यांची, तीही बहुधा गोळीबाराची. पण आपल्या पेपरांनी चकमक पोलिसांना देऊन टाकलीय, त्यामुळे त्या शब्दाला थोडा वास येतो. गळ्याला गळा भिडला की हातघाई. ब्रिटिश कमांडोंची फेअरबर्न-साइक्स कट्यार हातघाईसाठीच घडवलेली, निमुळती आणि दुधारी. ‘चाकू’ म्हटलं की कांदे चिरायचं हत्यार डोळ्यांपुढे येतं, म्हणून कार्डावर ‘कट्यार’ लिहा.

निफाडचा
‘आता हातघाईवर आलोय’ हे आम्ही कांद्याच्या लिलावातही म्हणतो 🙂

बखरवेडा
तो अर्थ इथूनच गेला. अगदी भिडल्याशिवाय हातघाई नाही. म्हणून लांबून गोळीबार, जवळून हातघाई, असे दोनच शब्द ठेवा. लढाई म्हणून तिसरी कृती खेळात नाही, तर शब्द कशाला?
हो, आणि वेषांतराच्या कार्डाला ‘हूल’ द्या. 28 मार्च 1942 च्या पहाटे फ्रान्समधल्या, जर्मनांच्या ताब्यातल्या सेंट नझेर बंदरात कँपबेलटाऊन ही जुनी ब्रिटिश विनाशिका जर्मन झेंडा लावून आत शिरली. किनाऱ्यावरून इशारे आले, त्यांना जर्मन खुणांनी उत्तरं दिली. लपायला जागाच नव्हती, सर्चलाइट अंगावर होते. तरी किनाऱ्यावरच्या तोफा काही मिनिटं घुटमळल्या. ती मिनिटं हुलीची कमाई. मग जर्मन झेंडा उतरला, ब्रिटिश झेंडा चढला, गोळीबार सुरू झाला आणि बोट थेट गोदीच्या दारावर आदळली. आत भरलेली स्फोटकं काही तासांनी फुटली, गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी. गेलेल्या 611 जणांपैकी 169 मारले गेले.
लाल महालाच्या छाप्यातही, 1663 सालच्या, बखरींप्रमाणे ‘आम्ही तुमच्याच कटकातले, चौकीवरून येतोय’ हीच हूल होती. दिसायचं, पण ओळखू द्यायचं नाही.

सुधाकाकू
म्हणजे बोभाटा होईस्तोवर दिसलं तरी चालतं. मी म्हणत होते ते हेच.

सोंगटीवाला
मान्य, काकू. पान असं जातंय:
‘तुमची सोंगटी काळ्या बाजूवर सुरू होते : बिनबोभाट. पहारेकऱ्याच्या चौकटीत शिरताना चाहूलफासा टाका. चाहूल लागली तर त्याच फेरीत हातघाई करून त्याला गारद करा. जमलं नाही, किंवा गोळीबार केलात, तर बोभाटा! सगळ्यांच्या सोंगट्या लाल, आणि पिशवीतून कुमक काढा.’
एकच उरलं. ‘कुमक’ भाचरांना कळेल ना, की ‘जादा शिपाई’ करू?

देवळालीकर
कळेल. चौथीच्या इतिहासात किल्ल्यांवर कुमक पोचतच असते. पण बोभाटा एकाचा आणि सोंगट्या सगळ्यांच्या लाल, हा नियम छापील आहे की तुमच्या घरचा?

सोंगटीवाला
घरचा. छापील नियमात ज्याने गोळी झाडली त्याचीच उलटते. काकूंचा शब्द आल्यावर बदलला.

फासेबहाद्दर
आणि बदलल्यावर पहिल्याच डावात मी सगळ्यांना मारलं. स्टेनगन माझ्याकडे होती.