क्लायमेट डेटाचं टूल एआय एजंटला जोडलंय, पण त्याला कळंल असं लिहायचं कसं?

नान्नजचा_माळढोक:
मंडळी, एक विचारायचं होतं. सोलापूर जिल्ह्यापुरता ईआरए५-लँडचा (युरोपीय हवामान केंद्राचा मॉडेलवरून काढलेला) तासातासाचा डेटा (१९५० पासून) आणि हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा ग्रिड (चौकोनाचौकोनाचा) डेटा (१९०१ पासून) दोन्ही डकडीबी या डेटाबेसमध्ये भरलंय आणि वर छोटा एमसीपी सर्व्हर (एआयला बाहेरची टूल जोडायची सोय) टाकून एजंटला एकच टूल दिलंय, एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) पाठव, ओळी घे. चालतंय मस्त, एरर नाही काही नाही. पण परवा सहज विचारलं मंगळवेढ्याला एका सप्टेंबरात किती पाऊस झाला, तर पठ्ठ्यानं हजारात मिलिमीटर दिले!! चेरापुंजीच की. वर दोन परिच्छेद स्पष्टीकरण, एकदम ठासून. मी चौदा पानी रीडमी (माहितीची फाइल) लिहिलाय, युनिट, कॉलम, सोर्स सगळं आहे त्यात, पण हा वाचतच नाही असं वाटायलंय. कुठं काय लिहायचं असतं नेमकं?

उजनी_फुल्ल:
आधी हजारात का आलं ते सांगतो. ईआरए५-लँडमध्ये पाऊस तासाचा नसतो, साचत जातो. ००:०० यूटीसीपासून (आपले पहाटेचे साडेपाच) बेरीज चालू, १५:०० च्या ओळीत तोपर्यंतचा सगळा, आणि पूर्ण दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या ००:०० च्या ओळीत. एजंटनं कॉलम बघितला, सम (बेरीज) मारला, म्हणजे सकाळचा तोच पाऊस दिवसभर परत परत मोजला. त्याला तरी काय बोलणार, साध्या ईआरए५ मध्ये ताशीच असतो, त्यानं तेच धरलं असणार.
आणि रीडमीचं म्हणाल तर तो रिपोत (कोडच्या फोल्डरात) पडलाय, एजंटपुढं येतं फक्त टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरची माहिती. ज्या गोष्टीनं उत्तर चुकतं तेवढीच डिस्क्रिप्शनमध्ये टाका: पाऊस मीटरमध्ये आहे, साचलेला आहे, बेरीज करू नको, तापमान केल्व्हिनमध्ये. डेटा कुठून आला, कुणी जमवला हे तिथं नको, जागा खातं नुसतं.

कडक_भाकरी:
अण्णा माझं उलटं मत आहे. खड्ड्यापाशी पाटी लावण्यापेक्षा खड्डा बुजवा ना. एक व्ह्यू (कच्च्या टेबलावरून बनवलेलं नीट केलेलं टेबल) करा, कॉलमचं नावच पाऊस_मिमी, कमाल_सेल्सिअस, तारीख_भारतीय ठेवा आणि कच्चं टेबल एजंटला दाखवूच नका. नाव नीट असलं की निम्मं डॉक्युमेंटेशन तिथंच झालं. कनेक्शन रीड-ओन्ली आहे का ते पण बघा, आणि ओळींवर लिमिट टाका, नाहीतर पंच्याहत्तर वर्षांचे तास एकदम ओढंल आणि स्वतःच गुदमरंल.

उजनी_फुल्ल:
व्ह्यू कराच, पण सगळं व्ह्यूनं झाकलं जात नाही हो. "दिवस" म्हणजे काय? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे १० तारखेच्या आकड्यात बराचसा पाऊस ९ तारखेचा असतो. आपल्याकडं वळवाचा पाऊस दुपारनंतरच येतो, त्यामुळं दोन टेबलं तारखेला तारीख लावून जोडली की एक दिवस सरकलाच म्हणून समजा. हे कॉलमच्या नावात कसं मावणार, लिहायलाच पाहिजे. -९९९ चं पण तसंच. ते "डेटा नाही" आहे, कुणीतरी सरासरीत घेतं आणि उणे पाऊस पडतो.

बार्शीकर_क्वेरी:
उशिरा आलो. दोघांचं पटतं, पण खरं काम एरर मेसेजमध्ये आहे असं मला वाटतं. एजंट डिस्क्रिप्शन एकदा वाचतो, चुकला की मेसेज मात्र नक्की वाचतो. "इनव्हॅलिड क्वेरी" म्हणून सोडू नका, "असा कॉलम नाही, पाऊस_मिमी वापर" असं सांगा. सगळ्यात वाईट म्हणजे शून्य ओळी. जुन्या स्टेशन यादीत आपलं गाव शोलापूर आहे, एजंट सोलापूर शोधतो, काही मिळत नाही आणि बिनधास्त सांगतो "पाऊस झाला नाही". शून्य ओळी आल्या की तसं स्पष्ट बोला आणि जवळची नावं सुचवा.
अजून एक, टूलनं काय होत नाही ते पण लिहा. हवामान खात्याच्या ग्रिडचा पाव अंशाचा चौकोन म्हणजे साधारण २७ किलोमीटर. लोक येऊन मंडळाचा पाऊस विचारणार, पीकविम्यासाठी. तो आकडा पर्जन्यमापकाचा लागतो, हा ग्रिडचा आहे. एजंटनं दिला आणि कुणी अर्जाला जोडला तर शिव्या तुम्हाला.

नान्नजचा_माळढोक:
लई भारी. दोन दिवस बसून केलं. व्ह्यू केला, डिस्क्रिप्शन बारा ओळींवर आणलं, साडेआठ आणि -९९९ त्यातच. मंगळवेढ्याचा सप्टेंबर आता माणसात आलाय. मग मी आधी हातानं काढलेली वीस उत्तरं घेऊन तेच प्रश्न एजंटला टाकले, तीन चुकले, तिन्ही तारखेचेच, म्हणून आता एक नमुना क्वेरी पण दिलीय दोन टेबलं कशी जोडायची त्याची.
पण वडिलांनी वापरून बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "यंदा हस्ताचा किती झाला?" एजंट गप्प 😅

बार्शीकर_क्वेरी:
हाहा, रब्बीवाल्याचा प्रश्न तोच असणार. नक्षत्रांचं छोटं टेबल टाका, मृग ७ जूनच्या आसपास, हस्त साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. दरवर्षी एखादा दिवस मागंपुढं होतो, तेवढं वर्षाप्रमाणे पंचांगातून भरा.

कडक_भाकरी:
आणि त्या कॉलमचं नाव "हस्त" ठेवू नका, एजंट हात समजंल.